चौथी बाटली

९ फेब्रुवारी

पैलवान,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पण ज्यासाठी लिहितेय तेही काही बरं नाही. मोटरीच्या दुकानाचा नंबर दिसला की तू फोन पालथा घालतोस, हे मला न सांगता कळतं, कारण मीही तेच केलं असतं. आपण एकाच माळेचे मणी. मावशीकडून पत्ता काढला. ती म्हणाली, "मी दिला म्हणून सांगू नकोस." तर मी सांगत नाहीये.

बाबांच्या उजव्या फुप्फुसाभोवती पाणी भरतंय. फुप्फुसात नाही, भोवती. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये दोन पातळ पापुद्रे असतात म्हणे, त्यांच्या फटीत. तिथं पाणी साठलं की फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही आणि माणूस बसल्या जागी धापा टाकतो. पापुद्र्यावर गाठी आहेत, वाईट जातीच्या. म्हणजे पाणी काढलं तरी परत येणार. छातीच्या डॉक्टरीणबाई तिशीच्या आहेत, पण बोलायला रोखठोक. "वर्षं नाही, महिने धरा," असं त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे सील गेलंय आणि पार्ट मिळत नाही." बाईंना ओ की ठो कळलं नाही. मला आधी हसू आलं आणि मग जिन्यात जाऊन रडू आलं.

नोव्हेंबरात पाठीतून सुई घालून लिटरभर पाणी काढलं. पंधरा दिवस बरे गेले. परत भरलं, परत सुई. दुसऱ्या वेळी पाणी निघालं पण त्या जागी हवा शिरली, फुप्फुस एका बाजूनं बसलं, आणि ती हवा काढायला चार दिवस वेगळी नळी लावून दवाखान्यात पडून राहावं लागलं. बाबा त्या अवस्थेतही खुशीत, "बघ, पंपानं हवा धरली." या दुखण्यात हे असंच आहे. प्रत्येक उपाय येताना आपलं एक दुखणं बरोबर घेऊन येतो. जानेवारीपासून बरगडीतून एक मऊ नळी कायमची बसवली आहे. बाहेरचं टोक पट्टीखाली गुंडाळून ठेवायचं आणि एक दिवसाआड घरीच बाटली लावून पाणी काढायचं. कोण काढणार? मीच. या घरात दुसरं आहे कोण.

मी सरळ विचारते. एकदा येशील का?

सहा वर्षांपूर्वी काय झालं ते मी विसरलेले नाही. बारा मजली इमारतीची मोटर जळली, ऐंशी घरं तीन दिवस पाण्यावाचून राहिली, आणि तू ती पाण्याशिवाय कोरडी चालवलीस म्हणून बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू पाना खाली ठेवलास आणि चालता झालास. ती कशी जळली हे आता उकरून काय मिळणार आहे. एवढंच सांगते की हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहितेय.

ते तुझं नाव घेत नाहीत. पण आठवड्यातून चारदा विचारतात, "मावशीचा फोन आला होता का?" मावशीच्या गुडघ्यांशी त्यांना काय देणंघेणं आहे, सांग बरं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई

२७ फेब्रुवारी

पैलवान,

तुझं कार्ड मिळालं. "१६ मार्चला रविवारी येतो. दोन तास. राहणार नाही." पोस्टाच्या कार्डावर एवढी जागा मोकळी सोडणारा तूच. पण येतोयस. मी ते कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, उलटं करून मागची बाजूही बघितली आणि म्हणाले, "सोळाला रविवारच आहे ना?" दुसऱ्या दिवशी न्हाव्याला घरी बोलावून केस कापून घेतले. सतरा दिवस आधी. मी म्हटलं, तोवर परत वाढतील. तर म्हणाले, "मग परत कापू."

तू आलास की घाबरू नयेस म्हणून आधीच सांगते. ते निम्मे झालेत. महिनाभर दुकानात उतरलेले नाहीत. वर घर, खाली दुकान, मध्ये एकोणीस पायऱ्या, आणि त्यांना त्यात दोनदा बसावं लागतं. मग चिडतात आणि परत वर जातात. वरून ओरडून विचारतात, "कुठली मोटर बांधतेस? किती गेजची तार?" मला माहीत असतं की त्यांना तारेचं काही पडलेलं नाही.

बाटलीचं सांगते. तुलाही बघावं लागेल. बाटलीतली हवा आधीच काढलेली असते. मी हात धुते, हातमोजे घालते, पट्टी उघडते, नळीचं टोक पुसते, बाटली जोडते आणि चिमटा उघडते. मग पाणी आपोआप येतं, चहाच्या रंगाचं. अर्ध्या लिटरची बाटली दहा मिनिटांत भरते. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून तीनदा म्हणून घेतलं होतं: एका वेळी एक बाटली, फारच धाप असेल तर दोन, त्याच्यावर थेंबही नाही. खोकला आला किंवा छातीत दुखलं की जिथं असेल तिथं थांबायचं. का, तर बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं की बिघडतं.

बाबांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, अर्धवट उपसा म्हणजे काम न करण्यापेक्षा वाईट. टाकी उपसायची तर तळ दिसेपर्यंत उपसायची, नाहीतर गाळ तिथंच. रोज हा वाद. मी म्हणते, तुम्ही टाकी नाही. ते म्हणतात, "मग मी काय आहे, ते तरी सांग." 

मला बसवत नाही रे. मोटर बांधायला घेतली की वर जाऊन बघावंसं वाटतं, वर गेले की खालचं काम आठवतं. एका कॉइलचे वेढे काल तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले.

तू ये म्हणजे झालं. दोन तास तर दोन तास. मी घड्याळ लावणार नाही.

ताई

१७ मार्च

पैलवान,

काल दिवसभर मी दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. प्रत्येक उंच काडीसारखा माणूस मला तू वाटत होता. मग मावशीचा फोन आला. म्हणाली, तू बसच्या स्टँडपर्यंत आला होतास, तिथं तिच्याकडून फोनवर बाबांचं कळलं, आणि तिथूनच परत फिरलास. तू तिला काय म्हणालास तेही तिनं सांगितलं. "मी येण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांना आपलंच खरं करायचं होतं."

झालं ते असं. शनिवारी दुपारी मी खाली मोटर बांधत होते. बाबांनी वर एकट्यानं बाटली लावली. एक नाही, चार. दोन लिटर पाणी एका बैठकीत. तिसरी भरेपर्यंत त्यांना काही त्रास नव्हता, चौथीला खोकला आला. नंतर ते पायऱ्या उतरून खाली आले आणि पाऊण तासात गुदमरायला लागले. तोंडातून गुलाबी फेस येत होता. मी तसंच रिक्षात घालून आणलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्याची भीती होती तेच झालं. दबलेलं फुप्फुस एकदम फुलवलं की त्याच्या बारीक नसा गळायला लागतात आणि पाणी आता आतच भरतं. आधी भोवती पाणी होतं, आता फुप्फुसातच. आजारानं नाही, उपायानं. तोंडावर घट्ट मुखवटा लावून यंत्रानं हवा आत ढकलतायत. मुखवट्यानं नाकाच्या हाडावर जखम झाली आहे. बोलता येत नाही म्हणून हातानं खुणा करतात, आणि ती खूण समजली नाही की डोळे वटारतात. म्हणजे अजून शाबूत आहेत.

बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "चार बाटल्या कुणी लावल्या?" बाबांनी मुखवटा स्वतः बाजूला केला आणि म्हणाले, "मी. ही खाली होती." आणि परत लावून घेतला.

तू रागावला असशील तर मी समजू शकते. पण रागावायला माणूस समोर असलेला बरा. इथं भेटायची वेळ सकाळी एक तास आणि दुपारी चार ते सहा अशी आहे. मी पूर्ण वेळ बाहेरच्या बाकावर असते. दुकानाला कुलूप आहे. तीन मोटरी अर्ध्या बांधून पडल्यात आणि गिऱ्हाइकं फोनवर कावतायत. कावू देत.

ये ना रे.

ताई

२४ मार्च

पैलवान,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. सहा वर्षांचं एकदम लिहिलंस. लिहिलं आहेस ते सगळं खोटं नाही. ते हेकट आहेत, कुणाचं ऐकत नाहीत, आपली चूक कबूल करायला त्यांची जीभ वळत नाही. पण शेवटी लिहिलंस, "स्वतःच्या हातानं स्वतःची वाट लावली, त्याला मी काय करू? मी बघायला येणार नाही." ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

बाटल्या मी लावल्या.

मागचं पत्र काढून बघ. तिसऱ्या बाटलीपर्यंत त्रास नव्हता असं मी लिहिलंय. खाली बसलेल्या बाईला वरचं कसं कळलं? रागात होतास म्हणून तुझ्या ध्यानात आलं नाही. मी वरच होते. गुडघे टेकून त्यांच्या पलंगापाशी होते आणि चिमटा माझ्या हातात होता.

शनिवारी दुपारी ते म्हणाले, "उद्या तो येईल तेव्हा मी गादीवर पडलेला दिसायचा? मला खाली बाकावर बसायचंय. हातात काम असलेलं दिसलं पाहिजे." मी म्हटलं, दोन बाटल्या काढते, बस. दोन झाल्या. त्यांनी श्वास घेऊन बघितला आणि म्हणाले, "अजून आहे. ठोक बघू." आपण टाकीवर बोटाचं पेर आपटून पातळी बघतो, तसं मी त्यांच्या बरगड्यांवर ठोकलं. वर मोकळा आवाज आला आणि चार बोटं खाली भरीव. होतंच पाणी अजून. हे ठोकणं मला त्यांनीच आठव्या वर्षी शिकवलेलं. मी तिसरी लावली.

तिसरीनंतर त्यांनी खांदे मागे टाकले आणि एका दमात म्हणाले, "चहा कर." कित्येक दिवसांत मी त्यांच्या तोंडून एका दमात दोन शब्द ऐकले नव्हते. मला हाव सुटली, पैलवान. मी न विचारता चौथी लावली. चौथी निम्मी झाल्यावर त्यांना खोकला आला. कोरडा, ठसक्यासारखा. मला बाईंचे शब्द आठवत होते, नाही असं नाही. पण हात दुसरंच ऐकत होता. नवा पंप चालू केला की आधी हवा निघते, तो ठसकतो, खाकरतो, आणि मग धार धरतो. तेव्हा बंद केला तर सगळं फुकट जातं. आयुष्यभर मी त्या ठसक्यावर स्टार्टर दाबून धरलाय. मी म्हटलं, ठसकतोय म्हणजे आता धरेल. आणि चिमटा उघडा ठेवला. जो खोकला ऐकून थांबायचं होतं, तो ऐकून मी खूश झाले.

नंतर ते एकोणीस पायऱ्या न बसता उतरले. बाकावर बसले. टेस्टर घेऊन एक स्टार्टर उघडला. जवळजवळ अर्धा तास बसले असतील. मी लांबून बघत होते आणि म्हणत होते, उद्या हे त्याला दिसेल. मग त्यांच्या हातातून टेस्टर पडला.

म्हणजे त्यांनी जे केलं ते तू येणार म्हणून केलं. हे तुझ्या माथी मारत नाहीये. चूक माझी आहे, सोळा आणे माझी. तू फक्त एवढं बघ की ते आपलंच खरं करत नव्हते. ते तुझ्यासाठी बसायला उतरले होते.

आज डॉक्टरीणबाईंना खरं सांगून आले. वाटलं फाडून खातील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "खरं पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी तेव्हाच तुम्हाला परत शिकवलं असतं." मग खरंच परत शिकवलं, रिकामी बाटली घेऊन, पहिलीतल्या पोराला शिकवतात तसं. बाबांना कळल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. "मी मिटवलेलं तू कशाला उसवलंस," असा त्यांचा राग.

आता पुढचं. फुप्फुसातलं पाणी उतरलं, मुखवटा निघाला. पण परवापासून ताप आहे आणि नळीतून गढूळ पाणी येतंय. नळीच्या वाटेनं जंतू शिरलेत. सलाइनमधून औषध चालू आहे, नळीतूनही एक सोडतात, ते सोडलं की छातीत आग होते आणि ते चादर मुठीत धरतात. एक पावडर असते, ती आत टाकून दोन्ही पापुद्रे कायमचे चिकटवायचे, म्हणजे पाण्याला जागाच राहत नाही. मी त्याची आस लावून बसले होते. बाई म्हणाल्या, फुप्फुस आता पूर्ण उघडत नाही, मग पापुद्रे एकमेकांना टेकणार कसे आणि चिकटणार कसे. तो रस्ता बंद. ताप उतरला तर घरी नेऊ. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "दिवसच धरा."

महिने धरा म्हणाल्या होत्या त्या बाई आता दिवस धरा म्हणतायत.

आणखी एक गोष्ट आहे. ती कागदावर नको. तू आलास तर समोर सांगेन.

ताई

३० मार्च, दुपार, वॉर्डाबाहेरचा बाक

पैलवान,

तू आत आहेस, मी दारापासून दहा पावलांवर, तरी लिहितेय. हसू नकोस. समोर सांगेन म्हणाले होते. काल सकाळपासून तू समोर आहेस आणि माझी दातखीळ बसली आहे. हा कागद सिस्टरांच्या हाती आत पाठवते.

काल तू आलास, पिशवी माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालास, "ताई, तुझ्या जागी मीही चौथी लावली असती." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर तुला विचारलं, जेवलास का. मग तू सिस्टरांकडून बाटली शिकलास आणि पहिल्याच वेळी माझ्यापेक्षा बेतानं लावलीस. बाबा तुझ्या हाताकडे बघत होते. त्यांनी सहा वर्षांत कशाकडे असं बघितलेलं मी पाहिलं नाही.

आज सकाळी तू त्यांच्या पायाशी बसून म्हणालास, "बाबा, ती मोटर माझ्याच हातून गेली असणार. व्हॉल्व्ह बंद राहिला असेल. मी सहा वर्षं उगाच ताठून राहिलो." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जाऊ दे." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तू खाली बघत होतास, तुला दिसलं नाही. ती नजर मी ओळखते. गप्प राहा, असं सांगणारी.

तुझा व्हॉल्व्ह बंद नव्हता. तू मोटर कोरडी चालवली नव्हतीस.

ती मोटर मी बांधली होती. मी एकटीनं बांधलेली पहिली मोठी मोटर. तार लोखंडाला लागू नये म्हणून खाचेत कागद घालतात, त्यातला एका खाचेतला कागद तार सरकवताना फाटला. मला दिसलं. कागद बदलायचा तर सगळी कॉइल उपसावी लागली असती, अर्धा दिवस गेला असता. मी म्हटलं, चालून जाईल. वरून वॉर्निश लावलं आणि तुझ्या हातात दिली. तू ती नेऊन बसवलीस आणि ती जळली. बाबांनी तुला मारलं तेव्हा मी कोपऱ्यात वेढे मोजत उभी होते. आता बोलते, मग बोलते, असं म्हणत होते. तू दारातून बाहेर पडलास. मग संध्याकाळी बोलू, उद्या बोलू. तू गेल्यावर बोलून काय उपयोग, असं मी मला सांगितलं आणि सहा वर्षं तेच सांगत आले.

मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे. चौथ्या बाटलीनंतर दोन दिवसांनी, मुखवटा थोडा वेळ काढला होता तेव्हा, बाबा मला तुकड्यातुकड्यानं म्हणाले, "मोटरीच्या वेळी सांभाळलं तुला. हेही सांभाळलं. आता पुढं तुझं तू बघ." मी विचारलं, कुठली मोटर? ते म्हणाले, "कोरडी चाललेली मोटर अशी जळत नाही. त्या मोटरीची एकच खाच जळली होती."

त्यांनी त्या दिवशी तुला मारण्याच्या आधी मोटर उघडून बघितली होती, पैलवान. त्यांना माहीत होतं.

का, ते मी विचारलं. ते म्हणाले, मी तेव्हा नुकतीच संसार मोडून परत आलेली. हातात दुसरं काही नाही. "पोरगी मोटर बांधते का?" असं गिऱ्हाईक आधीच नाक मुरडत होतं. पहिलीच मोटर पोरीच्या हातून जळली असं बाजारात झालं असतं तर परत कुणी मला तार धरू दिली नसती. तू मुलगा, कुठंही पोट भरशील, चार दिवस रागावशील आणि येशील, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला. तू आला नाहीस आणि मग परत बोलवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

माझ्यासाठी त्यांनी तुला घालवलं. आणि मी राहिले, तुझ्या बाकावर बसून तुझी गिऱ्हाइकं सांभाळली आणि घरोघर सांगितलं की भाऊ रागीट आहे. मला माझी लाज वाटते. तुझी माफी मागायला हवी ते कळतं, पण ज्याची घेतलेली वस्तू परत देता येत नाही त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

मघाशी तू चहाला खाली गेलास तेव्हा मी बाबांच्या कानात सांगितलं, त्याला लिहितेय. ते म्हणाले, "नको. आला आहे. राहू दे." मी म्हटलं, तो स्वतःला चोर समजून आला आहे. ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "तुझं दुकान जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. 

आता हे वाचून तू उठशील आणि मला शोधायला बाहेर येशील. येऊ नकोस. आधी त्यांच्याकडे वळ. त्यांना दिवसभरात दहा-बारा वाक्यांपुरताच दम असतो, सिस्टरांना विचार. त्यातलं एक वाक्य सहा वर्षांपासून तुझं आहे. "तू जाळली नव्हतीस" एवढं ते तुला म्हणेपर्यंत खुर्ची सोडू नकोस. धाप लागेल, यंत्र वाजेल, सिस्टर रागावतील. लागू दे धाप. माझ्यासाठी त्यांनी दोनदा खोटं बोलायला श्वास खर्च केला, तुझ्यासाठी एकदा खरं बोलायला करू दे.

मग माझ्याकडे यायचं की मागच्या जिन्यानं जायचं, ते तुझं तू ठरव. मी बाकावर आहे. तू आला नाहीस तरी बाकावरच आहे.

ताई